काजूचा हंगाम लागण्याआधी कारखान्यात काय पाहून ठेवावे

गोव्यात डिचोली-सत्तरीकडे मार्चमध्ये बिया येऊ लागल्या की कारखान्यात कुणाला मान वर करायला सवड नसते, म्हणून ही पाहणी गेल्या हंगामाच्या उरल्या मालावर फेब्रुवारीतच उरका. वही, मोबाईलमधले घड्याळ आणि लहान वजनकाटा एवढे जवळ असले की झाले. नव्या यंत्रांची कोटेशने तूर्तास कपाटात राहू द्या.

पहिला हिशेब फुटीचा. डब्ल्यू-३२० ही अख्ख्या काजूची प्रत, म्हणजे पौंडाला ३०० ते ३२० अख्खे गर. तोच गर फुटून पाकळी किंवा तुकडा झाला की भाव उतरतो. कापणीनंतर, बोर्म्यातून (गर वाळवायच्या भट्टीतून) काढल्यावर आणि साल काढल्यावर सारख्या वजनाचा नमुना घ्या, अख्खे नि फुटके वेगळे तोला आणि लगेच लिहून ठेवा. बहुतेक नुकसान एकदोन जागीच होत असते; गुणवत्ता-व्यवस्थापनाचे तज्ज्ञ जोसेफ जुरान यांनी पॅरेटोच्या नावाने मांडलेला नियम तो हाच. कापताना फूट जास्त दिसली तर बिया आकाराप्रमाणे चाळल्या होत्या का ते विचारा. लहान-मोठ्या बिया एकाच मापाच्या पात्यांत गेल्या की मोठीचा गर कापला जातो, आणि चाळायला फारसा खर्चही नाही. साल काढताना फूट वाढत असेल तर गर हातात घेऊन पाहा: जास्त वाळून ठिसूळ झालाय, की कमी वाळल्यामुळे साल सुटत नाही? बोर्म्यातले ट्रे वरखाली बदलतात का, तेही स्वतः उभे राहून बघा.

मग कापणीच्या टेबलापाशी स्टूल घेऊन बसा. उभ्या उभ्या विचारलेत तर ‘सगळं बरं आहे’ एवढंच ऐकायला मिळेल. ‘मावशी, हात कशासाठी थांबतो?’ असं विचारा. पाटी आणायला उठावं लागतं, उजेड पाठीमागून येतो, पात्याला धार नाही, असली उत्तरं आली तर ती त्याच आठवड्यात मार्गी लावा. टरफलाच्या तेलाने कातडी भाजते, तेव्हा हातमोज्यांचा विषय मात्र नफ्यातोट्याच्या हिशेबात धरू नका. ते द्यायलाच हवेत.

मजुरी वजनावर असेल तर अख्ख्या गराला वेगळा दर ठेवायचा का, हे बायकांना बोलावून पहिली गोणी उघडण्याआधी ठरवा. नुसत्या वजनावर पैसे मिळत असतील, तर सावकाश कापा असं त्यांना सांगता येणार नाही.