सोलर-बॅटरीचं सोपं मॉडेल करताय? या चुका टाळा

दरवर्षी फायनल इयरची पोरं प्रोजेक्ट घेऊन येतात आणि त्याच त्या चुका बघून आता खरंच वैताग येतो. सोप्या मॉडेलला माझा अजिबात विरोध नाही, एक पॅनल, एक बॅटरी, एक लोड (वीज वापरणारी उपकरणं) आणि एक्सेलमध्ये वर्षाच्या 8760 तासांच्या ओळी, एवढ्यावर खूप कळतं. फक्त घाई नको.

सगळ्यात महागात पडते ती डेटाची वेळ न बघणं. मागे एक जण कोथरूडच्या एका सोसायटीचं मॉडेल घेऊन आला, रिपोर्टात लिहिलेलं की सकाळी 6 चा पाण्याचा पंप थेट सोलरवर चालतो, बॅटरी लागतच नाही. म्हणे, "मॅडम, एकही एरर नाही आली." म्हटलं, अरे, उद्या 6 ला गच्चीवर जाऊन ऊन बघून ये. मग त्याला एकाच दिवसाचा ग्राफ काढायला बसवलं, तर सूर्य रात्री साडेबाराला उगवतोय आणि दुपारी 1 ला मावळतोय! सॅटेलाइटचा उन्हाचा डेटा यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत होता, आपण साडेपाच तास पुढे, आणि फाइलच्या वरच्या ओळीत ते लिहिलेलंही होतं. दुरुस्त केलं तेही 5 ओळी सरकवून, अर्धा तास तसाच राहिला. आपलं घड्याळ 82.5 अंश रेखांशाचं आणि पुणं साधारण 73.85 वर, म्हणून इथं सूर्य माथ्यावर येतो सरासरी 12:35 च्या आसपास. निरभ्र दिवसाच्या ग्राफचं टोक तिथं दिसेपर्यंत मी पुढचा एक आकडाही बघत नाही. पंपाला शेवटी बॅटरी लागलीच.

दुसरं म्हणजे सरासरी. 1 किलोवॉटच्या पॅनलला दिवसाला साधारण 4 युनिट धरतात, ठीक आहे, पण त्यात एप्रिल आणि जुलै एकत्र ढवळलेले असतात. झड लागून तीन-चार दिवस ऊन पडलं नाही की खरी बॅटरी रिकामी होते आणि सरासरीवाल्या मॉडेलला त्याचा पत्ताच नसतो. दर महिन्याचा एक टिपिकल दिवस घेणं हा शॉर्टकट चालेल, पण मी त्यात झडीचा एक सलग आठवडा जसाच्या तसा टाकतेच.

किलोवॉट (वीज किती जोरात येते) आणि किलोवॉट-तास (एकूण किती वीज, म्हणजे युनिट) यांची गल्लत करू नका. बॅटरीत घातलेलं सगळं परत मिळतं असं धरू नका. एप्रिलचं कडक ऊन म्हणजे पूर्ण पॉवर नव्हे, पॅनलचा सेल 65 अंशांवर गेला की 25 च्या वरच्या दर अंशाला 0.3 ते 0.4 टक्के, म्हणजे 12 ते 16 टक्के गेले.

आणि पहिल्याच आठवड्यात ऑप्टिमायझरला, म्हणजे सगळ्यात चांगलं उत्तर आपोआप शोधणाऱ्या प्रोग्रॅमला, हात घालू नका. त्याच्याकडे वर्षभराचा डेटा आधीच असतो, त्याला उद्याचे ढग आजच माहीत असतात, म्हणून त्याची बॅटरी नेहमी लहान येते. मी आधी साधा नियम लावते, वीज उरली तर बॅटरीत, कमी पडली तर बॅटरीतून, आणि मग दोन्ही उत्तरं शेजारी ठेवून फरक बघते.