कच्चा आहार कसा सुरू करावा, आणि त्याचा ध्यास कुठे थांबवावा

‘आजपासून गॅस बंद, सगळं कच्चं’ असं ठरवणारी माणसं पुण्यात दर उन्हाळ्यात भेटतात. कुणाला वजन उतरवायचं असतं, कुणाची साखर नुकतीच काठावर आलेली असते. कुणी उरुळी कांचनच्या निसर्गोपचार आश्रमात आठवडाभर राहून आलेलं असतं आणि तिथला हलकेपणा घरी टिकवायचा असतो. हेतू चांगलाच असतो, आणि बहुतेकांच्या ताटात कच्च्या भाज्या-फळं वाढायलाच हवीत. पण यातली काही माणसं पुढे अशा वळणावर जातात की जेवण हीच त्यांची सगळ्यात मोठी धास्ती होऊन बसते. म्हणून या लेखात दोन्ही गोष्टी एकत्र घेतल्या आहेत. कच्चं खायचं कसं, आणि ते खाता खाता स्वतःवर नजर कशी ठेवायची.

पहिलं काम: किती कच्चं, ते ठरवा

काटेकोर कच्च्या आहारात अन्न साधारण ४२ ते ४८ अंश सेल्सिअसच्या पुढे तापवत नाहीत. म्हणजे पोळी, भात, आमटी, चहा सगळं बाद. माझं स्पष्ट मत असं की इतकं काटेकोर व्हायची गरज नाही. दोन्ही जेवणांत ताटाचा तिसरा हिस्सा, फार तर निम्मं ताट कच्चं असावं, बाकीचं शिजवलेलं.

यामागे कारण आहे. जर्मनीतल्या गीसन विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९९ मध्ये पाचशेहून अधिक कच्चाहारी स्त्री-पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ४५ वर्षांखालच्या स्त्रियांपैकी सुमारे ३० टक्के जणींची पाळी विस्कळीत झाली होती किंवा पूर्ण थांबली होती. आहारात कच्च्याचं प्रमाण जितकं जास्त, तितकं वजनही खाली गेलेलं होतं. कच्च्या भाज्यांनी पोट लवकर भरतं, पण शरीराला लागणारी ऊर्जा मात्र भरून निघत नाही.

आपल्याकडचा दाखलाही आहे. महात्मा गांधींनी १९२९ मध्ये न शिजवलेल्या अन्नाचा प्रयोग स्वतःवर केला, त्याबद्दल आपल्या ‘यंग इंडिया’ साप्ताहिकात लिहिलं, आणि तब्येत बिघडल्यावर तो थांबवला. पुढे १९४६ मध्ये त्यांनीच उरुळी कांचनला निसर्गोपचाराचं काम सुरू केलं. निसर्गोपचारावर एवढी श्रद्धा असलेल्या माणसालाही प्रयोग थांबवण्यात कमीपणा वाटला नाही, हे मला फार मोलाचं वाटतं.

‘शिजवलं की अन्नातली एन्झाइम मरतात’ हे तुम्ही ऐकलं असेलच. मरतात, खरंय. पण कच्च्या अन्नातली बहुतेक एन्झाइमही जठरातल्या आम्लात निकामी होतात, आणि पचनासाठी लागणारी एन्झाइम आपलं शरीर स्वतःच तयार करतं. उष्णतेनं खरं नुकसान होतं ते क जीवनसत्त्वाचं. त्यासाठी लिंबू, आवळा, पेरू, मिरची, कोथिंबीर कच्चीच खावी. भाकरी आणि कडधान्यांतलं लोह अंगी लागायलाही त्यांची मदत होते. उलट टोमॅटोतलं लायकोपीन शिजवल्यावर जास्त मिळतं, आणि गाजरातलं कॅरोटीन थोड्या तेला-तुपाबरोबर. गाजराच्या कोशिंबिरीवर फोडणी घालणारी आजी बरोबरच होती.

सुरू करण्याआधी रक्त आणि औषधं

ब१२ जीवनसत्त्वाची तपासणी आधी करून घ्या. हे पुणेकरांना आवर्जून सांगायला हवं. इथल्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी पुणे व परिसरातल्या पुरुषांचा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध केला, त्यात ६७ टक्के पुरुषांमध्ये ब१२ कमी होतं. शहरी मध्यमवर्गीयांत तर ८१ टक्के. भाज्या, फळं, सुकामेवा यांतून ब१२ भरवशानं मिळत नाही. दूध-दही सोडून पूर्ण कच्च्या वनस्पती आहाराकडे वळलात तर आधीच रिकामी असलेली ही कोठी आणखी रिकामी होते, आणि मुंग्या येणं, थकवा, विसराळूपणा सुरू झाल्यावरच कळतं. हिमोग्लोबिन आणि ड जीवनसत्त्वही त्याच वेळी बघून घ्या.

इन्सुलिन किंवा साखर कमी करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर भात-पोळी एकदम बंद करू नका. साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. रक्त पातळ ठेवणारं वॉरफॅरिन घेणाऱ्यांनी पालेभाजी अचानक वाढवू नये. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हिरवे रस अजिबात नकोत. गरोदर स्त्रिया, वाढत्या वयाची मुलं आणि पूर्वी कधी खाण्याचा विकार झालेली माणसं यांनी हा प्रयोग करू नये.

काय कच्चं खावं, काय नाही

मराठी स्वयंपाकात कच्च्याची उणीव कधीच नव्हती. काकडीची खमंग कोशिंबीर, कोबीची पचडी, मुळ्याचा चटका, दाण्याचं कूट आणि कच्चं तेल घातलेला मेथीचा घोळाणा, चैत्रातली कैरी घालून वाटलेली डाळ, नारळाच्या ओलाव्यावर मुरलेले दडपे पोहे. सुरुवात इथूनच करा. परदेशी पानं, महागड्या बिया यांची काही गरज नाही.

आता काय टाळायचं. राजमा कच्चा किंवा नुसता मोड आणून खाऊ नये. त्यातलं एक विषारी प्रथिन उलट्या-जुलाब घडवतं. पाच-सहा तास भिजवून, ते पाणी फेकून, नव्या पाण्यात निदान दहा मिनिटं खळखळ उकळल्यावरच ते निष्प्रभ होतं, आणि मग राजमा नीट शिजवायचाच. बाजारच्या मिश्र कडधान्यांत तो असेल तर वेचून काढा. अळू आणि सुरण कच्चे खाल्ले तर घसा खवखवतो, सुजतोही. हिरवट पडलेला बटाटा फेकून द्यावा. धारोष्ण दुधाचं कितीही कौतुक ऐकलं तरी दूध तापवूनच प्यावं.

दुधीबद्दल थोडं सविस्तर. सकाळी फिरायला येणाऱ्यांसाठी बागांच्या फाटकांबाहेर दुधी, कारलं, गव्हांकुर यांचे रस विकायला असतात. दुधी क्वचित आतून कडू निघतो, आणि तो कडवटपणा विषारी असतो. २०१८ मध्ये पुण्यातल्या एका महिलेचा असा रस प्यायल्यानंतर मृत्यू झाला. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या तज्ज्ञ समितीचा सल्ला सरळ आहे. कडू लागला तर पिऊ नका, आणि त्रास झाला तर लगेच रुग्णालय गाठा. म्हणून रस काढण्याआधी दुधीचा छोटा तुकडा चाखून बघा, कडू लागला तर थुंकून टाका. दुधी आणि कारलं एकत्र केलेला रस तर कधीच घेऊ नका, कारण त्यात कुठला कडूपणा कुणाचा हे कळायचं कसं?

पालकाच्या रसाचे मोठे पेले रोज पिण्याचंही तेच. पालकातल्या ऑक्झलेट या घटकामुळे मूत्रपिंडं निकामी झाल्याच्या घटना वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेल्या आहेत. पालक शिजवून, पाणी काढून खाल्ला तर ऑक्झलेट बरंच कमी होतं.

धुणं: इथे आळस नको

जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या भागात जीबीएसचे, म्हणजे गियाँ-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे, रुग्ण वाढले तेव्हा काहींच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जंतू सापडला, आणि संशयाची सुई दूषित पाण्याकडे वळली. त्या दिवसांत घरोघरी पाणी उकळून पिणं सुरू झालं. पण कोथिंबीर ज्या पाण्यात धुतो तेही पाणी आपल्या पोटात जातंच, हे कितीजणांच्या लक्षात आलं?

मंडईतून किंवा मार्केट यार्डातून आणलेली भाजी आधी निवडा, मग धुवा, आणि चिरायची ती धुतल्यानंतर. पालेभाजीची पानं सुटी करून भरपूर पाण्यात दोन-तीनदा खळबळून काढा. माती तळाशी बसते, म्हणून पानं वरून उचला, पाणी ओतून देऊ नका. कोबीची बाहेरची पानं काढून टाका आणि आतली एकेक वेगळी करून धुवा. पट्टकृमीची अंडी अशा घड्यांत राहू शकतात आणि त्यांतून निघालेल्या अळ्या मेंदूपर्यंत पोचल्यास फिट येण्याचा आजार होतो. शेवटचं पाणी पिण्याचं, म्हणजे उकळून गार केलेलं किंवा गाळणयंत्राचं असावं. मीठ-हळदीच्या पाण्यानं किडी-अळ्या निघतात, पण जंतू मरतीलच याचा भरवसा नाही. पावसाळ्यात पालेभाजी कच्ची खाऊच नये, असं मी सांगेन.

मोडांची गोष्ट निराळी. मोड यायला जी ऊब आणि ओल लागते तीच जंतूंनाही मानवते. जर्मनीत २०११ मध्ये इ. कोलाय या जंतूच्या साथीत पन्नासहून अधिक माणसं दगावली. माग काढत काढत तपास मेथीच्या मोडांपाशी पोचला. घरी मटकी-मुगाला मोड आणताना फडकं रोज उकळत्या पाण्यातून काढा, मोड आले की फ्रिजमध्ये ठेवा आणि चांगली वाफ देऊनच खा. वाफेनं क जीवनसत्त्व थोडं जातं; जाऊ द्या.

ताट असं मांडा

सकाळी पेरू किंवा पपई, भिजवलेले शेंगदाणे, वाटीभर दही. दुपारी ज्वारीची भाकरी, आमटी किंवा उसळ, शिजवलेली एक भाजी आणि वाटीभर कोशिंबीर, वर लिंबू. संध्याकाळी दडपे पोहे. रात्री तूप घातलेली मुगाची खिचडी आणि काकडी-टोमॅटो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २००० कॅलरींच्या ताटात दिवसाला भाज्या ४०० ग्रॅम, फळं १०० ग्रॅम आणि डाळी-कडधान्यं ८५ ग्रॅम धरली आहेत. अंदाज यावा म्हणून एकदाच मोजा, रोज वजनकाटा घेऊन बसू नका. पोट फुगायला लागलं तर कच्चं कमी करा आणि हळूहळू वाढवा.

प्रयोगाला शेवटची तारीख द्या

चातुर्मासात कांदा, लसूण, वांगं सोडणारी आजी आजारी नसते. तिच्या नेमाला सुरुवात असते आणि कार्तिकात शेवटही असतो. घरच्यांसाठी ती वांग्याचं भरीत हसत करते, चुकून नेम मोडला तर हात जोडते आणि पुढे जाते. तुमच्या कच्च्या आहारालाही अशी तारीख ठरवा, चार किंवा सहा आठवड्यांची. ती घरातल्या कुणाला तरी सांगून ठेवा. तारीख आली की थांबायचं, वजन-रक्त बघायचं, मग पुढचं ठरवायचं. थांबायची वेळ आल्यावर पोटात गोळा येत असेल, तर खालचा भाग नीट वाचा.

मनाची तपासणी

डॉ. स्टीव्हन ब्रॅटमन या अमेरिकी डॉक्टरांनी १९९७ मध्ये शुद्ध खाण्याच्या ध्यासानं माणसाला ग्रासून टाकण्याच्या अवस्थेला ‘ऑर्थोरेक्सिया नर्व्होसा’ असं नाव दिलं. ते स्वतः पूर्वी एका सामूहिक वसाहतीत स्वयंपाक आणि सेंद्रिय शेती करत होते, त्यामुळे हा ध्यास त्यांनी जवळून पाहिला होता. मनोविकारांच्या डीएसएम-५ या अमेरिकी सूचीत याला वेगळा आजार म्हणून अजून जागा नाही. पण त्यानं होणारा त्रास खरा आहे, आणि ज्यांच्या घरात तो आहे त्यांना सूचीची गरज पडत नाही.

पहिली खूण यादीची. आधी साखर गेली, मग मैदा, मग गहू, दूध, मग शिजवलेलं सगळं. नवं काही आत येत नाही, जुनं फक्त बाहेर जातं. दुसरी खूण वेळेची. काय खावं, कुठून आणावं, कसं धुवावं या विचारात दिवसाचे तीन-चार तास जातात. तिसरी माणसांची, आणि मला हीच सगळ्यात गंभीर वाटते. चुलत बहिणीच्या केळवणाला न जायला निमित्त शोधलं जातं, गौरीच्या जेवणाला डबा घेऊन जाऊन कोपऱ्यात बसलं जातं, मित्र सिंहगडावर पिठलं-भाकरी खात असताना आपण खाली उतरायची वाट बघत बसतो. सत्यनारायणाचा चमचाभर शिरा खाल्ला म्हणून दुसऱ्या दिवशी उपाशी राहणं, पुरणपोळी खाणाऱ्यांबद्दल मनात तुच्छता येणं, ही पुढची पायरी.

शरीरही सांगतं. सलग तीन महिने पाळी न येणं, केस गळणं, हात-पाय सतत गार, उठताना चक्कर. यातलं काहीही दिसलं तर तारखेची वाट न बघता प्रयोग थांबवा.

एक सोपी परीक्षा दर आठवड्याला घ्या. दुसऱ्या कुणी रांधलेलं, घटक न विचारता, एक वेळ जेवा. ॲलर्जी किंवा गहू न चालणारा सिलिॲकसारखा आजार असेल तर अर्थातच तो अपवाद. जेवताना आणि दुसऱ्या दिवशी मनात काय चाललं ते लिहून ठेवा. थोडी चुळबुळ ठीक आहे. रात्रभर झोप न येणं, भरपाई म्हणून जेवण गाळणं ठीक नाही.

घरच्यांनी कसं बोलावं

‘किती वाळलीस गं!’ आणि ‘एवढ्यानं काही होत नाही, खा मुकाट्यानं’ ही दोन्ही वाक्यं टाळा. पहिलं वाक्य काहींना शाबासकीसारखं ऐकू येतं. दुसऱ्यानं दार बंद होतं. आईनं एवढंच म्हणावं: ‘अगं, हल्ली तू आमच्याबरोबर बसत नाहीस. मला तुझ्याशिवाय जेवावंसं वाटत नाही. भात बघितला की तुला नेमकी कशाची भीती वाटते, सांगशील?’ उत्तर लगेच येणार नाही. जेवणाच्या ताटावर हा विषय काढू नका. संध्याकाळी फेरी मारताना काढा. आणि घरात कुणी ‘मी पण सोडलं सगळं’ म्हणून साथ देत असेल, तर त्याला आधी थांबवा.

परत येताना

सगळं एकदम सुरू करू नका. भीती सगळ्यात कमी असलेला एक पदार्थ निवडा. बऱ्याच जणांना मऊ वरण-भात, तूप, लिंबू जमतं. तोच पदार्थ आठवड्यात तीनदा, शक्यतो कुणाच्या तरी सोबतीनं खा, मग पुढचा घ्या. वजन थोड्या काळात खूप उतरलं असेल किंवा बरेच दिवस जवळजवळ काहीच खाल्लं नसेल, तर घरच्या घरी भरपेट जेवण सुरू करणं धोक्याचं असतं; रक्तातले क्षार एकाएकी ढासळतात. अशा वेळी डॉक्टरांच्या देखरेखीखालीच आहार वाढवावा.

मदतीसाठी आधी तुमचे नेहमीचे डॉक्टर, मग मानसोपचारतज्ज्ञ आणि आहारतज्ज्ञ असे दोघेही लागतील. पहिल्याच भेटीत वर्ज्य पदार्थांची आणखी एक यादी हातात देणारा आहारतज्ज्ञ या कामाचा नाही. ससून रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य बोलता येतं. पहिल्या भेटीला जाताना आठवडाभरात काय खाल्लं त्याची खरीखुरी नोंद, गेल्या वर्षभरातली वजनं, पाळीच्या तारखा आणि चालू असलेल्या औषधांची, चूर्णांची, पूरक गोळ्यांची यादी बरोबर न्या. आणि जमलं तर घरातलं एक माणूसही.