शांतता समितीत मुद्दा मांडण्याची तयारी : महिला मंडळांसाठी मार्गदर्शन

गणेशोत्सवाच्या आधी पोलीस ठाण्यात शांतता समितीची बैठक होते. आमच्या सांगली जिल्ह्यातील एका गावाच्या बैठकीची प्रोसिडिंगची वही मी चाळली, तेव्हा उपस्थितांच्या यादीत चार भगिनींच्या सह्या दिसल्या. मात्र पुढच्या तीन पानांच्या चर्चेत त्यांच्यापैकी एकीचेही वाक्य नव्हते. या पानांत त्यांचेही म्हणणे यावे, यासाठी बचत गटात किंवा महिला मंडळात चार-पाच बैठकांचा अभ्यासवर्ग कसा घ्यावा, हे येथे सांगत आहे.

पहिल्या बैठकीत संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेचा ठराव क्रमांक 1325 समजावून सांगावा. नामिबियाकडे परिषदेचे अध्यक्षपद असताना 31 ऑक्टोबर 2000 रोजी तो एकमताने संमत झाला. युद्ध थांबवण्याच्या, तह करण्याच्या आणि उद्ध्वस्त समाज पुन्हा उभारण्याच्या प्रत्येक टप्प्यावर निर्णय घेणाऱ्यांत स्त्रिया असाव्यात, असे त्याचे सांगणे आहे. त्यासोबत एक आकडाही फळ्यावर लिहावा : 1992 ते 2019 या काळातील प्रमुख शांतता प्रक्रियांत वाटाघाटी करणाऱ्यांमध्ये स्त्रिया सरासरी 13 टक्के, तर करारावर सही करणाऱ्यांमध्ये 6 टक्केच होत्या. आपल्या गावाची वही आणि हा आकडा शेजारी ठेवला, की वेगळे भाषण करावे लागत नाही.

दुसरी पूर्ण बैठक पश्चिम आफ्रिकेतील लायबेरिया या देशाला द्यावी. येथे घाई करू नये. 2003 मध्ये त्या देशात यादवी युद्ध पेटलेले असताना लेमा बोवी यांच्या पुढाकाराने ख्रिस्ती आणि मुस्लिम स्त्रिया पांढरे कपडे घालून राजधानी मन्रोव्हियातील मासळी बाजाराजवळच्या मैदानात रोज उन्हापावसात बसू लागल्या. घानाची राजधानी आक्रा येथे वाटाघाटी रेंगाळल्या, तेव्हा त्यांनी सभागृहाच्या दाराशी हातात हात गुंफून बैठक मारली आणि आतल्या प्रतिनिधींना बाहेर पडू दिले नाही. अटक करायला रक्षक आले, तेव्हा बोवी यांनी अंगावरचे कपडे उतरवण्यास सुरुवात केली. आईने असे करणे हा त्या समाजात मोठा शाप मानला जातो. मध्यस्थ जनरल अबुबकर यांना त्यांचे म्हणणे ऐकून घ्यावे लागले आणि 18 ऑगस्ट 2003 रोजी करार झाला. ही हकिकत सांगून झाल्यावर वर्गाला विचारावे, की त्या स्त्रियांची मागणी किती शब्दांची होती? युद्ध थांबवा, बोलणी सोडून उठू नका, एवढीच. मागणी एक आणि मागणाऱ्या दोन्ही धर्मांच्या, हे सूत्र आपल्या भागात फार मोलाचे आहे. सप्टेंबर 2009 मध्ये मिरजेत दंगल होऊन संचारबंदी लागली होती, ते दिवस ज्यांना आठवतात त्यांना याचा अर्थ वेगळा सांगावा लागणार नाही. म्हणून वर्गात सुरुवातीपासून सर्व वस्त्यांमधील स्त्रिया असल्याच पाहिजेत. नंतर बोलावलेली स्त्री पाहुणी ठरते.

मुद्दा कोणता घ्यावा, याचा धडा उत्तर आयर्लंडकडून मिळतो. मोनिका मॅकविल्यम्स आणि पर्ल सेगर यांनी 1996 मध्ये काही आठवड्यांत महिला आघाडी उभी केली. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट या दोन्ही समाजांतील स्त्रिया तिच्यात होत्या. या दोन समाजांतील संघर्ष थांबवण्यासाठी झालेल्या 1998 च्या करारात हिंसाचाराला बळी पडलेल्यांचे हक्क आणि मुलांचे एकत्र शिक्षण या विषयांसाठी तिने आग्रह धरला. आपल्याकडे मात्र बैठक मिरवणुकीचा मार्ग आणि ध्वनिक्षेपकाची वेळ यांवरच संपते. तणावाच्या दिवशी आठवडी बाजारात भाजी विकणारीची रोजी बुडते, क्लासहून परतणारी मुलगी कोणत्या रस्त्याने येणार हे ठरलेले नसते, मधुमेहाच्या रुग्णाचे औषध संपते. हे विषय ज्या जगतात त्यांनीच मांडावेत.

यानंतर प्रत्यक्ष सराव घ्यावा. प्रत्येकीने एकच मुद्दा कागदावर लिहून दोन मिनिटांत उभे राहून मांडावा, एका भगिनीने मुद्दाम मध्येच बोलून अडवावे आणि अडवलेल्या भगिनीने आवाज न चढवता ‘माझे वाक्य पूर्ण होऊ द्या’ असे म्हणून तेथूनच पुढे जावे. हा सराव पुन:पुन्हा करावा. पहिल्या खेपेला बहुतेकजणी खाली बसतात.

महाराष्ट्रात नियमित ग्रामसभेपूर्वी महिलांची सभा घेण्याची कायद्यात तरतूद आहे. मुद्दा तेथे ठरावाच्या रूपात संमत करून घ्यावा, सूचक आणि अनुमोदक म्हणून दोन वेगवेगळ्या वस्त्यांतील भगिनींची नावे घालावीत आणि त्याची प्रत शांतता समितीत न्यावी. तासगाव तालुक्यातील अंजनीचे आर. आर. पाटील गृहमंत्री असताना 2007 मध्ये सुरू झालेल्या तंटामुक्त गाव मोहिमेमुळे समितीत बसून वाद मिटवण्याची रीत आपल्या गावांना नवी नाही. तेथेही हाच मार्ग वापरावा.

अफवा पडताळण्यासाठी प्रत्येक वस्तीतील दोघींचे फोन क्रमांक आधीच एकमेकींकडे असावेत. आलेला संदेश पुढे पाठवण्याआधी त्या वस्तीतील भगिनीला विचारून खात्री करावी. मात्र जमाव रस्त्यावर उतरल्यावर कोणत्याही भगिनीला मध्ये उभे करू नये, त्या वेळी पोलिसांना कळवावे.

बैठक संपताना सही करण्याआधी प्रोसिडिंग वाचून दाखवण्यास सांगावे. आपला मुद्दा आणि मांडणाऱ्या भगिनीचे नाव त्यात नसेल, तर ते तेथेच लिहून घ्यावे आणि मगच सही करावी.