कॉट बेसिसवर तबल्याचा रियाज: जागा कशी मिळाली
सदाशिव पेठेत तिघांत एक खोली. तबला खपून जायचा, पण डग्ग्याचा (जोडीतल्या खर्जाच्या मोठ्या वाद्याचा) घुमारा फरशीतून खाली जायचा आणि दुसऱ्या मिनिटाला खालच्या काकू जिन्यात. पुडीवर, म्हणजे वरच्या चामड्यावर, टॉवेल टाकला, तर शाईचा (मधल्या काळ्या गोलाचा) नादच मेला. गच्चीवर उन्हाने तबल्याचा सूर चढला. महिनाभर हात बंद, नुसता वैताग.

शेवटी जवळच्या मारुतीच्या देवळात गेलो. आधी गुरवकाकांना विचारलं, गाभारा बंद कधी असतो? दुपारी १ ते ४. मग विश्वस्तांची परवानगी. बदल्यात शनिवारच्या भजनाला साथ. सभामंडपात भिंतीपासून लांब सतरंजीची चौपदरी घडी, तिच्यावर चुंबळ, मग डग्गा. पहिले दोन दिवस फक्त तीनतालाचा ठेका, विलंबित म्हणजे संथ लयीत. कुणी आलं नाही, मग कायदे (बोल उलटसुलट फिरवत वाढवायच्या रचना) काढले. डग्गा आता तिथल्याच कपाटात असतो, उंदरांमुळे जाड गवसणीत.