एअर रॅचेट हातात घेण्याआधी

आयटीआयमधून मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा ट्रेड करून मी भोसरीतल्या एका गॅरेजमध्ये ॲप्रेंटिस म्हणून लागलो. तेव्हा हात शिवशिवायचे ते एअर रॅचेटसाठी, म्हणजे दाबाच्या हवेवर फिरणाऱ्या पान्यासाठी. चेंबरचे, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्याचे बोल्ट साध्या पान्याने काढताना मला घाम फुटायचा आणि मिस्त्रीकाका तेच काम त्या हवेच्या पान्याने बघता बघता उरकायचे. मला मात्र पहिले दोन महिने त्यांनी ते शिवू दिलं नाही. "आधी बोल्ट कुठे बसतो ते मनगटाला कळू दे," म्हणायचे. मला राग यायचा.

तिसऱ्या महिन्यात हातात मिळालं आणि चौथ्या दिवशी बोट सापडलं. अल्टरनेटरच्या ब्रॅकेटचा बोल्ट आवळत होतो. बोल्ट बसला, गोटी (बोल्टच्या डोक्यावर बसणारा सॉकेट) थांबली, पण मी खटका दाबूनच ठेवला होता. अख्खा दांडा फिरला आणि माझं बोट दांडा आणि इंजिन यांच्यामध्ये चेपलं. नख काळं पडून महिन्याभराने गळून गेलं.

असं का होतं, हे नव्या मुलांना कुणीतरी आधी सांगायला हवं. चाकाचे नट काढायची इम्पॅक्ट गन आतल्या आत ठोके मारते, त्यामुळे हाताला फारसा पीळ बसत नाही. साध्या एअर रॅचेटमध्ये ठोका नसतो. बोल्टला जेवढा पीळ मिळतो तेवढाच उलटा तुमच्या मनगटावर येतो. तीन सुती (३/८ इंची) चौकोनाचं, म्हणजे गोटी ज्यावर बसते त्या चौकोनी टोकाचं, नेहमीचं रॅचेट साधारण ६० ते ७० न्यूटन-मीटर जोर देतं. बोट चेपायला तो पुरेसा आहे. म्हणून खटका दाबण्याआधी बघा: बोल्ट थांबला तर दांडा कुठल्या बाजूला जाईल? त्या बाजूला तुमची बोटं नकोत. दुसरा हात रॅचेटच्या डोक्याला धरायची सवय तर लावूच नका.

दुसरी चूक बोटापेक्षा महागाची. चेंबरच्या ६ मिलिमीटर बोल्टला १० न्यूटन-मीटरच्या आसपास आवळण पुरते, म्हणजे रॅचेटचा जोर त्याच्या कितीतरी पट. बोल्ट वाकडा लागला असेल तर रॅचेट तो तसाच रेटत आत नेतं आणि ॲल्युमिनियमचे आटे गेल्याचं आपल्याला कळतही नाही. मी एका गाडीचे असे आटे घालवले आहेत. त्या दिवशी काकांनी संध्याकाळपर्यंत बसून नवे आटे पाडले, मला एक शब्द बोलले नाहीत. तेव्हापासून प्रत्येक बोल्टचे पहिले दोन-तीन फेरे बोटांनी, मधले फेरे हवेने आणि शेवटची आवळण टॉर्क पान्याने (किती जोराने आवळलं ते दाखवणाऱ्या पान्याने), हा क्रम मी मोडलेला नाही. गंजलेला बोल्टही आधी लांब हँडलने सैल करायचा, मग रॅचेट लावायचं. काहीजण अडलेल्या बोल्टवर रॅचेटच्याच दांड्याला पाईप घालून जोर काढतात. त्यात डोक्यातले दाते तुटतात.

गोटी बदलताना हवेचा पाईप काढा आणि एकदा खटका दाबून उरलेली हवा सोडून द्या. उलट-सुलट करायची कळ पाना पूर्ण थांबल्यावरच फिरवा. डोळ्यांवर गॉगल हवाच, कारण गाडीखाली झोपून काम करताना वाळलेला चिखल थेट डोळ्यात येतो. सैल हातमोजे नकोत, ते गोटीबरोबर गुंडाळले जातात. आणि संध्याकाळी त्याच पाईपने कपड्यांवरची धूळ उडवणं तर बंदच करा. सगळ्या गॅरेजमध्ये हे चालतं, पण ती हवा जखमेतून कातडीखाली शिरू शकते, डोळा आणि कानाचा पडदाही जाऊ शकतो.

हवेचा दाब साधारण ९० पीएसआय, म्हणजे ६ बारच्या थोडा वर. तोही पाना चालू असताना मोजलेला, कारण लांब, बारीक पाईपमध्ये दाब बराच पडतो. जोर कमी वाटला की मुलं कॉम्प्रेसरचा दाब वाढवतात. आधी पाईप, कपलर आणि फिल्टरची जाळी तपासा.

आता पाणी. आपल्याकडच्या पावसाळ्यात हा मुद्दा सगळ्यात मोठा. हवा दाबली की गरम होते, टाकीत थंड होते आणि तिच्यातली वाफ पाणी होऊन तळाशी साचते. ते पाणी पाईपमधून रॅचेटच्या मोटारीत जातं. मोटारीतल्या पातळ पट्ट्या खाचांमधून सरकत बाहेर आल्या तरच रोटर फिरतो. गंज आणि चिकट तेलाने त्या अडकल्या की पाना नुसता फुसफुसतो. टाकीच्या तळाचा कॉक रोज उघडायचा, जुलैत दोनदा. काकांकडे हे काम सकाळी पहिल्या येणाऱ्याचं होतं, मग तो कोणीही असो.

तेलाचं म्हणाल तर काम सुरू करण्याआधी हवा शिरते त्या तोंडात एअर टूलच्या तेलाचे चार-पाच थेंब. इंजिन ऑइल नको, ते जाड असतं आणि पट्ट्या चिकटवतं. संध्याकाळी पुन्हा तेवढेच थेंब, मग पाईप जोडून काही सेकंद मोकळं फिरवायचं. हवा बाहेर पडते तिथे फडकं धरा, नाहीतर तेलाचा फवारा अंगावर येतो. फडक्यावर तांबूस पाणी दिसलं तर पाना ठेवून देऊ नका. स्वच्छ तेल येईपर्यंत परत थेंब टाका, परत फिरवा, आणि दुसऱ्या दिवशी आधी टाकीचा कॉक उघडा.