वळीव ओसरून ऊन वाढताना हवामानाचा अंदाज कसा वाचावा

एप्रिल-मे महिन्यांत महाराष्ट्रात एक चक्र दोन-तीनदा तरी फिरतं. काही दिवस दुपारनंतर ढग दाटतात, सोसाट्याचा वारा सुटतो, वळीव कोसळतो, कुठे गारा पडतात. मग आभाळ निवळतं आणि दोन-तीन दिवसांत ऊन पुन्हा चटके देऊ लागतं. पावसाच्या दिवसांत आपण सावध असतो. फसगत होते ती पाऊस थांबून ऊन वाढत असतानाच्या दोन-तीन दिवसांत. कांदा उघड्यावर पसरायचा की झाकायचा, कुरडया आज घालायच्या की परवा, मजुरांना दुपारी बोलवायचं की पहाटे, हे सगळं त्याच दिवसांत ठरवायचं असतं. हवामान विभागाचा अंदाज नीट वाचला तर त्यातलं बरंच काही आधी कळतं.

१. आधी आपला विभाग आणि जिल्हा शोधा

हवामान विभागाच्या हिशेबात महाराष्ट्राचे चार तुकडे पडतात: कोकण (गोव्यासह), मध्य महाराष्ट्र, मराठवाडा आणि विदर्भ. नाशिक, जळगाव, पुणे, सोलापूर, कोल्हापूर हे सगळे मध्य महाराष्ट्रात येतात. त्यामुळे ‘मध्य महाराष्ट्रात पावसाची शक्यता’ एवढी बातमी ऐकून जळगावच्या केळीवाल्याला आणि कोल्हापूरच्या ऊसवाल्याला काहीच ठरवता येत नाही. विदर्भाचे जिल्हावार इशारे नागपूरचं प्रादेशिक केंद्र देतं, बाकीच्या भागाचे मुंबईचं. तो जिल्हावार तक्ता उघडा. पुणे, सातारा, कोल्हापूर अशा जिल्ह्यांत घाटाचा अंदाज वेगळा दिलेला असेल तर आपण घाटात आहोत की पठारावर, तेही पाहा.

फोनच्या पडद्यावर आपोआप दिसणाऱ्या ढग-सूर्याच्या चित्रावर या दिवसांत निर्णय घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. वळवाचा ढग काही किलोमीटरचा असतो. एका गावात झोडपतो आणि शेजारच्या गावात धूळही बसत नाही.

२. रंग पाहा, पण रंगाखालची ओळ वाचा

हिरवा म्हणजे इशारा नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे लगेच कृती करा. पण एकच पिवळा रंग विजांसाठी असतो, वाऱ्यासाठी असतो आणि उष्णतेसाठीही असतो. सोमवारी विजांचा पिवळा आणि गुरुवारी उष्ण-दमट हवेचा पिवळा दिसला, तर रंग तोच असला तरी तयारी अगदी उलटी करावी लागते.

ओळीतले शब्द मोजून वापरलेले असतात. ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे त्या भागातल्या पाऊस मोजणाऱ्या केंद्रांपैकी जास्तीत जास्त पाव केंद्रांवर. ‘काही ठिकाणी’ म्हणजे पाव ते निम्म्या केंद्रांवर. तुरळक पावसाचा अंदाज असताना आपल्याकडे थेंबही पडला नाही, तर अंदाज चुकला असं होत नाही.

वाऱ्याचा आकडा मात्र कधीच सोडू नका. ‘ताशी ४० ते ५० किलोमीटर वेगाने वारे’ असं लिहिलेलं असेल तर केळीची बाग, शेडनेट, पत्रे, मांडव आणि रस्त्याकडेचे फलक यांचा विचार आधी करा. १३ मे २०२४ रोजी मुंबईत घाटकोपरला अवाढव्य जाहिरात फलक कोसळून १७ जणांचा जीव गेला, तो अशाच मान्सूनपूर्व वादळात.

३. कारणाची ओळ शोधा

सविस्तर अंदाजात बहुतेक वेळा एक वाक्य असतं, जे वाचक घाईत ओलांडून जातात: ‘विदर्भापासून दक्षिणेकडे कर्नाटक, तमिळनाडूपर्यंत द्रोणीय रेषा’ किंवा ‘अमुक भागावर चक्राकार वारे’. द्रोणीय रेषा म्हणजे हवेच्या कमी दाबाचा लांबट पट्टा. ही रेषा जागेवर असते तोवर बंगालच्या उपसागराकडून आणि अरबी समुद्राकडून बाष्प येत राहतं. त्यात खालची तापलेली जमीन हवा वर ढकलते आणि दुपारनंतर ढग उभे राहतात. ही प्रणाली विरली किंवा सरकली की वायव्येकडून कोरडे वारे येऊ लागतात आणि पारा चढतो. म्हणून रोज एकच गोष्ट पाहा: ही रेषा आजच्या पत्रकात आहे का? नाहीशी झाली असेल तर उघडीप जवळ आली.

४. तापमानाचा आकडा नव्हे, कल पाहा

‘पुढील तीन-चार दिवसांत कमाल तापमानात २ ते ४ अंशांची हळूहळू वाढ’ हे वाक्य या काळातलं सर्वांत मोलाचं आहे. पावसाने पारा ३६ वर आलेला असताना ४० चा विचार मनात येत नाही. शरीर थंडाव्याला सरावलेलं असतं, जमिनीत ओल असते, हवेत दमटपणा असतो आणि त्यावर ऊन चढतं.

उष्णतेच्या लाटेचे निकष प्रदेशानुसार बदलतात. मैदानी भागात कमाल तापमान किमान ४० अंश आणि सरासरीपेक्षा ४.५ अंश किंवा अधिक असावं लागतं; ४५ गाठलं तर सरासरीशी तुलनाही लागत नाही. किनाऱ्यावर ३७ अंशांपासूनच लाट धरता येते, अर्थात सरासरीपेक्षा तेवढाच फरक असेल तर. चंद्रपूर-अकोल्याच्या माणसाला ३८ म्हणजे बरा दिवस वाटेल. पण मुंबई, ठाणे, रायगडमध्ये दमट हवेत घाम वाळत नाही, म्हणून शरीर निवतच नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरला उघड्या मैदानावरच्या कार्यक्रमात उष्माघाताने माणसं दगावली, तेव्हा पारा चाळिशीच्या आतच होता. कोकणात राहत असाल तर तापमानाशेजारचा आर्द्रतेचा आकडा आणि ‘उष्ण व दमट’ हा शब्द आधी वाचा.

किमान तापमानही पाहा. रात्रीही पारा उतरला नाही तर पत्र्याच्या घरात झोपणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना आणि लहान मुलांना त्याचा त्रास आधी होतो.

५. दुपारनंतर तीन तासांचा इशारा बघत राहा

सकाळचा अंदाज दिवस आखण्यासाठी, दुपारचा इशारा जीव वाचवण्यासाठी. हवामान विभाग जिल्हावार तात्कालिक इशारे देतो, ते पुढच्या तीन तासांपुरते असतात. विजांसाठी पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं ‘दामिनी’ ॲप आहे. शेतावर जाणाऱ्या प्रत्येकाच्या फोनमध्ये ते असायला हवं. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजून तिनाने भागले की अंदाजे किलोमीटर मिळतात. तीस सेकंदांच्या आत गडगडाट आला तर पक्क्या घरात जा. झाडाखाली थांबू नका. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तरी बाहेर पडू नका.

६. अंदाज कामाला लावा

काढलेला कांदा पातीसह सुकत पडला असेल आणि पत्रकात द्रोणीय रेषा असेल, तर ताडपत्री हाताशी ठेवा. उघडीप पक्की झाल्यावरच कांदा चाळीत भरा. ओला भरला की सडतो. हळद आणि घरचं वाळवण यांनाही हाच नियम. कृषी हवामान सल्ला दर मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो, ‘मेघदूत’ ॲपवर तो जिल्ह्यानुसार मराठीत वाचता येतो.

पेरणीची घाई मात्र वळवावर करू नये. २०२५ साली मॉन्सून २४ मे रोजी केरळात आणि २६ मे रोजी मुंबईत पोचला. १९५० पासूनच्या नोंदींत मुंबईत इतक्या लवकर तो आला नव्हता. मग त्याची वाटचाल जूनच्या मध्यापर्यंत रखडली आणि विदर्भात पुन्हा उन्हाचा तडाखा बसला. कृषी विभाग सांगतो तसा ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस आपल्या शिवारात झाला आहे का, ते महसूल मंडळाच्या नोंदीवरून तपासा. पुढच्या आठवड्याच्या अंदाजात खंड दिसत नसेल तरच बियाणं काढा.