क्वाडचा मागचा शॉकअप: आधी मोजा, मग खोला

नागाव-काशीदच्या वाळूत हाणलेली क्वाड, म्हणजे चार चाकांची बीच बाईक, मागून उसळायला लागली की निकाल ठरलेला: ‘शॉकअप गेला.’ बऱ्याचदा तो गेलेला नसतोच. खाऱ्या वाळूने लिंकेजची (शॉकला स्विंगआर्मशी, म्हणजे मागची चाकं धरणाऱ्या दांड्याशी, जोडणाऱ्या सांध्यांची) बेअरिंग खाल्लेली असतात, नाहीतर स्प्रिंगचा ताण चालवणाऱ्याच्या वजनाला कुणी कधी जुळवलेलाच नसतो. म्हणून पान्याआधी टेप हातात घ्या. इथे मागे एकच शॉक, स्विंगआर्म आणि लिंकेज असलेली स्पोर्ट क्वाड धरली आहे.

फ्रेमखाली जॅक लावून मागची चाकं अधांतरी करा. आता चाक हाताने सावकाश वर उचला. शॉक दबायच्या आधीच ‘टक्’ करून चाक थोडं वर आलं, तर लिंकेजचे बुश, निडल बेअरिंग किंवा शॉकच्या डोळ्यातलं बेअरिंग झिजलंय. हे दुरुस्त केल्याशिवाय पुढची सगळी मापं फुकट. जुनं बेअरिंग खिशात घालून मुंबईतली नागदेवी स्ट्रीट गाठा, त्यावरच्या नंबरावरून जोडीदार मिळतो. बसवताना पाण्याने न धुपणारं ग्रीस भरपूर भरा.

आता सॅग, म्हणजे तुम्ही बसल्यावर मागची बाजू किती खाली जाते ते. चाकं लटकत असताना अ‍ॅक्सलपासून सरळ वर, मागच्या ग्रॅब बारवरच्या एका खुणेपर्यंत माप घ्या. मग गाडी खाली उतरवा, मागून दोनदा दाबून सोडा, हेल्मेट-बुटांसकट बसा आणि दुसऱ्याला तेच माप घ्यायला सांगा. दोन्हींतला फरक चाकाच्या वर-खाली होण्याच्या एकूण प्रवासाच्या साधारण एक तृतीयांश हवा. प्रवास २५० मिमी असेल तर ८० मिमीच्या आसपास. फरक जास्त आला तर सी-स्पॅनरने प्रीलोडची, म्हणजे स्प्रिंगच्या ताणाची, रिंग घट्ट करा, कमी आला तर सैल. त्याआधी आटे ब्रशने साफ करा. वाळू अडकलेल्या आट्यांवर जोर लावला की अ‍ॅल्युमिनियमची रिंग कायमची चावते.

बसल्यावरचं माप जुळलं, पण माणूस उतरल्यावर गाडी स्वतःच्या वजनाने जवळजवळ खाली येतच नसेल, तर स्प्रिंग तुमच्यासाठी मऊ आहे आणि तुम्ही ती नुसती आवळून ठेवली आहे. तिथे प्रीलोडशी खेळणं थांबवा, कडक स्प्रिंग घ्या.

डॅम्पिंगचे, म्हणजे शॉकची हालचाल आवरणारे, स्क्रू सर्वांत शेवटी. आत पूर्ण फिरवताना क्लिक मोजा, आकडा लिहून ठेवा, मग जागेवर आणा. उंचवट्यावरून मागची बाजू लाथ मारत असेल तर रिबाउंड (शॉक परत उघडतानाचा अडसर) आवळा. सलग खड्ड्यांत ती खाली खाली बसत जात असेल तर सैल करा. उडी मारल्यावर तळाला आपटत असेल तर कॉम्प्रेशन (शॉक दबतानाचा अडसर) वाढवा. एका वेळी एकच स्क्रू, दोनच क्लिक.

एवढं करूनही रॉडवर तेल दिसतंय किंवा गाडी झोपाळ्यासारखी डोलतेय, तर शॉक खोलायची वेळ आली. स्प्रिंग काढण्याआधी प्रीलोडच्या रिंगबाहेर दिसणारे आटे मोजून ठेवा. गॉगल लावून व्हॉल्व्हमधून शॉकमध्ये दाबाने भरलेला नायट्रोजन पूर्ण सोडा. दाब आत असताना सर्क्लिपला (झाकण अडवणाऱ्या कडीला) हात लावला तर सील हेड, म्हणजे रॉडभोवतीचं झाकण, गोळीसारखं सुटतं. मग सील हेड आत ढकला, सर्क्लिप काढा, रॉड हळूहळू बाहेर ओढा आणि जुनं तेल ओता. ते काळं आणि दुर्गंधी असणारच.

पिस्टनवरच्या पातळ चकत्या, म्हणजे शिम, ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने तारेत ओवा. त्यांचा क्रम चुकला तर शॉकचा स्वभावच बदलतो. रॉडवरून नख फिरवा. नख अडकलं तर नवं सील आठवड्यात फाटेल, रॉड आधी बदला. सील किट मात्र कंपनीचाच घ्या, इथे ‘चालून जाईल’ चालत नाही. सील सरकवताना रॉडच्या आट्यांवर प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळा, नाहीतर सीलची कड तिथेच कापली जाते.

तेल मॅन्युअलमधल्या ग्रेडचं, शॉकसाठीचंच. खरी मेहनत हवा काढण्यात आहे. पिस्टन अगदी सावकाश खाली-वर करा, बॉडीवर रबरी हातोडीने टिचक्या मारा, थांबा, पुन्हा करा. बुडबुडे यायचे थांबल्यावरच सील हेड बसवा. तेल आणि नायट्रोजन वेगळे ठेवणारा तरंगता पिस्टन मॅन्युअलमध्ये दिलेल्या खोलीवर ठेवला नाही तर शॉक पुरता दबणारच नाही.

नायट्रोजन भरताना पेट्रोलपंपावरचा पंप उपयोगी नाही. तिथला टायरसाठीचा दाब ३०-४० पीएसआय. या शॉकना बहुधा १५० पीएसआयच्या वर लागतो. सस्पेन्शनचं काम करणाऱ्याकडेच मॅन्युअलमधला आकडा सांगून भरून घ्या. साध्या कॉम्प्रेसरची हवा नको, मुंबईच्या दमट हवेतलं पाणीही तिच्यासोबत आत जातं. भरल्यावर रॉड दाबून सोडा, तो आपणहून पूर्ण बाहेर यायला हवा.

लिंकेजचे बोल्ट टॉर्क पान्याने घट्ट करा आणि प्रत्येकावर मार्करने नट ते फ्रेम अशी रेघ ओढा. पहिल्या फेरीनंतर रेघ सरकलेली दिसली तर बोल्ट पुन्हा घट्ट करून सॅग परत मोजा.